खालच्या मजल्यावरची शांतता

“सात,” बायको म्हणाली.

“सात की साडेसहा?” निरीक्षकांनी वही मांडीवर घेत विचारलं.

“सातच. हवं तर तराजू आणा.”

निरीक्षकांनी ‘दुपारी चार’च्या रकान्यात सात लिहिलं. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला अंदाजपंचे आकडा सहन होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखणं शून्य ते दहात मोजा, दिवसातून चारदा लिहा. सातला पोचलं की मोठी गोळी. मोठ्या गोळीने दुखणं जायचं, पण जाताना बायकोलाही घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तोंड उघडं टाकून पडलेली असायची आणि जाग आली की निरीक्षकांकडे, हे कोण बसलेत, अशा नजरेने बघायची.

मणक्याचं ऑपरेशन यशस्वी झालं आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. दुखण्याने ते वाचलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी ते दुप्पट जोराने परत आलं, त्यालाही आता सहा महिने झाले. पुन्हा कापण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढं काल कळलं होतं.

तरी दुपारी चारचा आकडा नेहमी खाली असायचा. तीन, कधी अडीच. निरीक्षकांना आधी वाटलं, चहामुळे. मग वाटलं, औषधामुळे. त्यांनी दोन्हींच्या वेळा बदलून पाहिल्या. शेवटी लक्षात आलं, कारण खालच्या मजल्यावर राहत होतं.

खाली एक शिवणवाली आणि तिचा इलेक्ट्रिशियन नवरा. नवरा पावणेचारला कामावरून यायचा, चारला भांडण सुरू व्हायचं, तेही दार सताड उघडं टाकून. विषय एकच: नणंदेने ‘आठ दिवसांसाठी’ आणून ठेवलेलं लोखंडी कपाट, ज्याला आता दोन वर्षं झाली होती. बायको जिन्याकडच्या खिडकीशी बसून ऐकायची. “आज सासूला ओढलं मध्ये,” ती सांगायची. “काय मुद्दा काढला पोरीनं! वकील व्हायला हवी होती.” त्या पाऊण तासात आपल्याला मणका आहे, हे तिच्या ध्यानातही नसायचं.

रविवारी नणंद टेम्पो घेऊन आली आणि कपाट घेऊन गेली. तेव्हापासून खाली एकमेकांना ‘चहा घेतोस का’, ‘तू दमली असशील’ असलं काहीतरी चाललं होतं. वरच्या मजल्यावर ही बातमी फार मनाला लावून घेतली गेली.

“गोळी द्या,” बायको म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती.

“दहा मिनिटं थांब.”

“दहा मिनिटांनी काय होणारेय?”

 निरीक्षकांनी मोजपट्टी खिशात घातली आणि ते खाली गेले.

दार शिवणवालीने उघडलं. हातात अर्धवट शिवलेली बाही होती, ओठांत टाचणी.

“तुमच्या कुंड्या,” निरीक्षक जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाले, “जिन्यात नऊ सेंटिमीटर पुढे आल्या आहेत.”

“हो का काका?” तिने टाचणी काढली. “चुकलंच आमचं.”

नवरा आतून आला, दोन्ही कुंड्या उचलून घरात घेऊन गेला आणि वर ‘पाणी घेता का काका’ म्हणून विचारून गेला.

एकतीस वर्षांत न भांडणारा माणूस निरीक्षकांना कधी भेटला नव्हता. त्यांची पंचाईत झाली. मग त्यांनी अंगावरच्या शर्टाला हात घातला.

“हा तुम्हीच शिवलाय. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली आहे. हे काय माप झालं?”

शिवणवालीने टाचणी बाहीत खुपसली.

“शर्ट सरळ आहे काका. खांदा तुमचा खाली आलाय. सहा महिने काकूंना त्याच बाजूने धरून चालवताय, दुसरं काय होणार?”

निरीक्षकांनी मान वळवून खांद्याकडे पाहिलं. एवढं एक माप त्यांच्याकडून घ्यायचं राहून गेलं होतं.

“अगं, असं कुणाच्या तोंडावर बोलतात का?” नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

“मग पाठीमागे बोलू? ते काम तुझ्या घराण्याकडे आहे ना?”

“घराण्यावर जाऊ नकोस.”

“मी कशाला जाऊ? तेच येतं माझ्याकडे, टेम्पो घेऊन!”

“टेम्पो कपाट न्यायला आला होता!”

“रिकामा आला होता का? चार माणसं होती आत. आणि चारही जेवायची होती!”

“पाहुणे मोजतेस तू?”

“मोजू नको तर काय? पोळ्या मी लाटल्या!”

आवाज चढला. वर खिडकीची कडी वाजली. मग फरशीवर खुर्चीचे पाय घासले गेले. थांबले. पुन्हा घासले गेले. खुर्ची ओढून द्यायला वर दुसरं कुणी नव्हतं.

“अहो!” वरच्या खिडकीतून बायकोची हाक आली. “दारातून बाजूला व्हा बघू. तुमच्या आड तिचं काही ऐकू येत नाहीये.”

निरीक्षक भिंतीला चिकटून उभे राहिले.