ब्लॉगचा पहिला श्रोता

जुन्या कुलपांच्या गोष्टींचा ब्लॉग! "काळं कुत्रंही फिरकणार नाही तिकडे," असं घरचे म्हणाले होते, पण किल्लीवाल्या ताईने हट्ट पुरा केलाच. भर दुपारी दुकान आतून बंद करून तिने पहिली गोष्ट रेकॉर्ड केली, ब्लॉगवर टाकली आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

लगेच भावाचा फोन आला. "ताई, झकास! पण मध्ये मध्ये हुंकार कोण देतंय?"

"कोण देणार? मी एकटीच आहे."

फोन ठेवून तिने ऐकलं. खरंच, प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी मन लावून "हं" म्हणत होतं.

"चला, एक तरी गिऱ्हाईक मिळालं!" ती खुदकन हसली. "पुढची गोष्ट उद्या."

मागचं स्टूल जवळ सरकलं.

"उद्या कशाला?"