चाखणारी

साखराबाईनं मिठाची चौथी मूठ पातेल्यात सोडली आणि डावानं खिचडी तळापासून वर-खाली केली. खैरुनबी हापशावरून पाणी घेऊन यायच्या आत सगळं एकजीव झालं. हात पदराला पुसून ती भिंतीकडं सरकली आणि ताटं पुसत बसली.

गेल्या साली मिरवणुकीत दगडं उडाली, त्यात तिच्या लेकाचा, सत्यमचा, डावा डोळा गेला. दगड कोणाचा, ते गर्दीत कोणालाच दिसलं नव्हतं. साखराबाईनं जबानीत खैरुनबीच्या भावाचं नाव सांगितलं. तीन महिने आत राहून तो जामिनावर सुटला. पुढं खटला हलेना, तेव्हा साखराबाईनं सोळा सोमवार धरले. महादेवानं ते घर धुळीला मिळवावं, एवढंच मागणं. आज तेरावा सोमवार होता.

सरकारला मात्र गावात सलोखा हवा होता. भोकरहून तहसीलदार साहेब आले, शांतता समिती बसली. ठरलं असं, की शाळेची खिचडी मारुतीकडच्या गल्लीतली एक आणि मशिदीकडच्या गल्लीतली एक, अशा दोघींनी मिळून शिजवायची. साहेबांनी मुद्दाम ह्याच दोन घरांतल्या बाया निवडल्या. गावाचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून नियमही घातला. लेकरांना वाढायच्या आधी दोघींपैकी एकीनं सगळ्यांसमोर घास खायचा.

फोडणी आणि मीठ खैरुनबीकडं. चाखायचीही तीच. साखराबाई चिरायची, निवडायची, भांडी घासायची. आठ महिन्यांत त्या चुलीवरचा कणही तिनं तोंडात घातला नव्हता. पाणीसुद्धा घरून न्यायची.

आज साहेब स्वतः सलोखा बघायला आले होते. व्हरांड्यात पालक जमले होते, लेकरं ओळीनं बसली होती. आता खैरुनबी घास घेईल आणि सगळ्यांदेखत थुंकेल. मीठ तर तिच्याच हातचं. मग लेकरांच्या ताटात हिनं काय कालवलं, ते गावच तिला विचारील. साखराबाईनं आठ महिने ह्या दिवसाची वाट बघितली होती.

"हं, चाखा," साहेब म्हणाले. फोटोवाला पुढं झाला.

खैरुनबी हलली नाही. "साहेब, कालपासनं रोजे लागलेत."

साखराबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. काल रविवार, शाळा बंद. वर्षभरात तिनं मशिदीकडच्या गल्लीकडं मान वळवली नव्हती. तिकडं चांद दिसल्याचं तिला कोण सांगणार?

"मग साखराबाई, तुम्ही चाखा."

"माझा सोमवार हाय."

मागून कोणीतरी हसलं. "घ्या. दोघीबी देवाच्या बाया. आता साहेबांनीच बसावं ताटावर."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "राहू द्या आजच्या दिवस. वाढा."

हे तर आणखीच बरं झालं. आता पन्नास लेकरं एकदम थुंकतील.

"न्हाई साहेब," खैरुनबी म्हणाली. "न चाखता वाढलं अन् एखाद्या लेकराचं पोट दुखलं, तर नाव आमच्याच गल्लीचं निघंल. आजचा रोजा मी मागून धरीन." तिनं पातेल्यातून घास घेतला, फुंकला, ओठांशी नेला.

साखराबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. तिला या बाईची बेअब्रू हवी होती, तिच्या भावाला सजा हवी होती. पण दुसऱ्याचं व्रत मोडायला आपण कारण झालो, तर आपलं व्रत आपल्याच घरावर फिरतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. देव वेगळा असला म्हणून काय झालं, उपास तो उपासच. आणि सत्यमला आता एकच डोळा होता.

तिनं झेप घेतली. खैरुनबीच्या हातातला घास ओढून स्वतःच्या तोंडात घातला आणि गिळला. घसा चरचरला, डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी झालीय?" साहेबांनी विचारलं.

"मीठ लई हाय."

सगळ्यांच्या माना खैरुनबीकडं वळल्या. साखराबाईला जे पाहिजे होतं ते समोर येऊन उभं राहिलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण मोडलेल्या उपासावर लबाडी चढवायची तिची छाती झाली नाही.

"तिनं न्हाई. मी टाकलं."

कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा पडला. "साखराबाई, उद्यापासून तुम्ही यायचं नाही. आम्ही दुसरी बाई बघतो."

खैरुनबीनं डाव खाली ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिनं साखराबाईकडं रोखून बघितलं.

"हिला काढू नका, साहेब," ती सावकाश म्हणाली. "ईदपर्यंत मला चाखता येणार न्हाई. रोज माझ्या हातचा घास गिळायला मला हीच पाहिजे. मीठ किती टाकायचं, ते मी ठरवीन."