चौसष्ट कान

मार्लिस गाडीतून उतरली तेव्हा एक गोऱ्हा मान अडकवायच्या खोड्यातून सुटून कळपात शिरत होता, आणि तिचे वडील, व्हर्लिन, हातातलं, गुरांच्या कानात औषधाची गोळी मारायचं पिस्तूल मांडीला पुसत होते.

"हे कुठले?" तिने विचारलं.

"सातव्या वाड्यातले. निम्मे झाले. गोळ्या संपल्या, नाहीतर एव्हाना सगळे उरकले असते."

सातव्या वाड्याच्या फाटकावर तिनेच तांबड्या रंगात पाटी लिहून लावली होती. 'यांना गोळी नाही.'

"बाबा, पाटी वाचलीत?"

"वाचली."

विसरले असते तर तिने गिळून टाकलं असतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस विसरू शकतो. पण हे वाचून, समजून, मुद्दाम केलेलं होतं. तिने एर्नेस्तोकडे पाहिलं. तो बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला होता.

"साहेबांनी सांगितलं, मी हाकले," तो म्हणाला आणि पाण्याचा हौद बघायला निघून गेला.

कानामागे कातडीखाली वाढीच्या औषधाची एक गोळी, म्हणजे बारीक दाण्यांची एक ओळ, सारायची. ती महिनोन् महिने अंगात झिरपते आणि तेवढ्याच मक्यावर गोऱ्ह्याला जास्त मांस चढतं. नेब्रास्कात सगळेच मारतात. बाकीच्या अकरा वाड्यांत मार्लिसही मारायची. पण या चौसष्ट गोऱ्ह्यांचा शब्द तिने ओमाहाच्या एका व्यापाऱ्याला दिला होता. कानात गोळी नाही, खाण्यात औषधाची पूड नाही. तीन आठवडे ती रोज पहाटे खाणं कालवायचं यंत्र आतून धुऊन यांचं खाणं वेगळं कालवत होती. तीन आठवडे.

"तुमचं बिघडलं काय होतं, सांगा ना मला."

"त्या माणसाचा कागद वाचला मी," व्हर्लिन म्हणाले. "'स्वच्छ मांस' लिहिलंय त्यावर. मग मी पन्नास वर्षं काय घाण विकली? तुला आणि तुझ्या भावांना काय घाण खायला घातली?"

"असं कोणी म्हटलेलं नाही. त्याला बिनगोळीचे हवेत, मी बिनगोळीचे देतेय. एवढंच आहे ते."

"मग दे. प्रत्येकाचा कान कोण चाचपत बसणार आहे?"

"कागदावर माझी सही आहे, बाबा."

"सही," ते म्हणाले, आणि पिस्तूल पेटीत ठेवलं.

"कुठल्या कुठल्याला मारलीत?"

"तोंडं लक्षात ठेवत नाही मी."

म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट पुन्हा खोड्यात घ्यायचे होते. मार्लिसने व्यापाऱ्याला फोन करून, गोऱ्हे कमी मिळतील, किती ते दुपारी सांगते, असं कळवलं. एर्नेस्तो मागून हाकू लागला. ती खोडा आवळायच्या दांड्यापाशी उभी राहिली. व्हर्लिन कानापाशी उभे राहिले, कारण ते काम कायम त्यांचंच होतं. उत्तरेचा वारा थेट अंगावर येत होता. गोऱ्हा आत यायचा, मान अडकायची, ते उजवा कान पिळून मागून अंगठा फिरवायचे.

"आहे."

ती डावं फाटक उघडायची.

"नाही."

उजवं.

दोन तास दोघं याखेरीज एक शब्द बोलली नाहीत. गोळीवाले तेवीस निघाले, बिनगोळीचे एक्केचाळीस. मार्लिस फळीवर पडलेल्या रिकाम्या नळ्यांपाशी गेली. तीन नळ्या, एकेकीत दहा गोळ्या.

"तीस मारल्यात तुम्ही."

"असतील."

"सापडल्या तेवीस."

"गळून पडल्या असतील."

"सात?" ती म्हणाली. "तुमच्या हातची गोळी गळलेली मी जन्मात पाहिली नाही."



तिने उजव्या वाड्यातला, म्हणजे बिनगोळीचा ठरलेला, एक गोऱ्हा परत आणवला. हातमोजा काढून स्वतः कान चाचपला. गोळी होती. ज्वारीचे दाणे ओळीने मांडावेत तशी, बोट ठेवताच लागत होती.

"इकडे या."

ते आले. तिने त्यांचा अंगठा धरून नेमका त्या जागी टेकवला. अंगठा गार होता, आणि टोकाशी लाकडासारखा गुळगुळीत.

"लागतंय?"

त्यांनी अंगठा पुढे नेला, मागे आणला. गोऱ्ह्याने मान झटकली. ते कान सोडेनात.

"वारा गार आहे," ते म्हणाले. "बोटं आखडतात."

"कधीपासून?"

"वारा गार आहे म्हटलं ना."

तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. सकाळपासूनचं, आणि त्याआधीचंही. एर्नेस्तो कुंपणाला टेकून उभा होता. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "पुन्हा सगळे. पहिल्यापासून."

मग वडिलांना म्हणाली, "तुम्ही दांडा धरा. कान मी बघते."

व्हर्लिन जागचे हलले नाहीत. पन्नास वर्षांत दांडा धरायला कायम दुसरं कोणीतरी असे. मग ते खोड्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. पहिला गोऱ्हा आत आला. त्यांनी दांडा ओढला, मान अडकली. मार्लिसने कान पिळला.

"काय आहे?" त्यांनी विचारलं. बघत मात्र होते रस्त्याकडे.

"आहे," ती चिडूनच म्हणाली. "आणि अगदी मधोमध बसलीय."

त्या एका गोऱ्ह्याला सोडायला व्हर्लिननी जरा वेळच लावला.