तिसऱ्या मजल्याची खिडकी

"डावीकडं! अजून डावीकडं! कठडा लागेल, बोटं सांभाळा!"

सेवा क्लबचे अध्यक्ष पुढे उलट्या पावलांनी जिना उतरत होते आणि त्यांच्या सूचनांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. खुर्चीच्या चार दांड्या चौघांच्या हातात होत्या: लेथ मशीनवर काम करणारा टर्नर, दातांचे डॉक्टर, बेकरीवाला आणि बेकरीवाल्याचा मेहुणा. खुर्चीत आजी. साध्या लाकडी खुर्चीला लोखंडी पाइप जोडून टर्नरनेच ती आपल्या वर्कशॉपमध्ये बनवली होती. महिन्यातल्या एका बुधवारी कामधंदा बाजूला ठेवून क्लबची ही माणसं लिफ्ट नसलेल्या इमारतीतून कुणाला तरी अशी खाली आणत, फिरवत आणि परत वर पोचवत.

आजींचे गुडघे संधिवाताने धरले होते. नऊ वर्षं त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या.

"जड आहे ना रे मी?"

"छे हो आजी," टर्नर म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती.

"मैद्याचं पोतं याहून जड असतं," बेकरीवाला म्हणाला.

"पोतं निदान गप्प तरी बसतं," आजी म्हणाल्या.

मेहुण्याला हसू आवरेना, तशी खुर्ची कलली. मागून येणारी आजींची लेक "आई गं!" म्हणून ओरडलीच. दातांच्या डॉक्टरांनी दांडीखाली खांदा घातला आणि खुर्ची सावरली.

दारात क्लबची गाडी उभी होती. अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. "आता आपण तळ्याकाठच्या बागेत जायचं. तिथं चहा, मग फोटो..."

"बागेत नको," आजी म्हणाल्या. "मला समोर न्या. रस्त्यापलीकडं."

"समोर? समोर तर औषधांचं दुकान आहे."

"त्याच्या दारात ठेवा. तोंड या इमारतीकडं करून."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खुर्ची उचलली. पलीकडे पोचल्यावर आजींनी पदराने तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाल्या, "तू आता वर जा. खिडकीत माझ्या जागेवर बस. बस हं, उभी राहू नकोस. आणि हात कर."

"आई, आता हे काय नवीन?"

"जा म्हटलं ना."

लेक गेली. अध्यक्ष कागदाची घडी घालत उभे राहिले. आजी त्यांनाच सांगू लागल्या, "शिंप्याकडून येणारी काजं-बटणं करत दिवसभर बसते मी त्या खिडकीत. मान वर केली, की येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करते. नऊ वर्षांत एकानंही उलट हात केला नाही. लेक म्हणते, काचेवर ऊन चमकतं, खालून माणूस दिसतच नसेल. म्हटलं, एकदा आपणच बघून यावं."

टर्नरचं वर्कशॉप याच रस्त्याच्या टोकाला होतं. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दिवसातून दोनदा तो इथून जात असे. त्याने वर पाहिलं. डावीकडून दुसरी खिडकी, हिरवा रंग उडालेली. काचेत नुसतं आभाळ होतं. चमकू दे, तो मनातल्या मनात म्हणाला, अशीच चमकू दे.

काचेआड काहीतरी हललं. लेक येऊन बसली. तिचा चेहरा दिसला. कपाळावर सरकलेली बट दिसली. मग तिने हात वर केला आणि हातातली बांगडीही दिसली.

"दिसतंय," आजी म्हणाल्या. "अगं बाई, किती लख्ख दिसतंय! दोऱ्याची रिळंसुद्धा दिसतायत की!"

दातांचे डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले.

"आजी," टर्नर कसंबसं म्हणाला, "मी रोज इथूनच जातो. रोज दोनदा."

"अरे, वर बघायचं म्हणजे मान दुखते. माझी बघ, आत्ताच भरून आली." त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. रागाचा, रुसव्याचा मागमूस नव्हता. "मला आपलं वाटायचं, मी भिंतीलाच हात करतेय," त्या म्हणाल्या. "दिसत होते म्हणजे मी. रोज दिसत होते."

आणि त्यांनी आपला हात वर केला. बोटं वाकडी झालेला, सांधे सुजलेला हात. तो त्यांनी डोक्याच्याही वर नेला आणि हलवत राहिल्या.

त्या खिडकीला आज पहिल्यांदा कुणीतरी उलट हात करत होतं.

औषधांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. इतकी वर्षं समोर असलेल्या इमारतीकडे तो आ वासून बघत होता. पिशव्या घेतलेल्या दोघी बायका थांबल्या, त्यांनीही माना वर केल्या. टर्नरने हात वर केला, मग मेहुण्याने, मग सगळ्यांनीच. वर काचेआड लेकीने एका हाताने तोंड दाबून धरलं होतं आणि दुसरा हात तिला थांबवता येत नव्हता.

बऱ्याच वेळाने अध्यक्षांनी घसा साफ केला. "आजी, आता जाऊ या ना बागेत? सगळी तयारी केलेली आहे."

"बाग कुठं पळून जातेय, साहेब?" आजी पदर सावरत म्हणाल्या. "मला वर न्या आधी. लवकर न्या. आता शाळा सुटेल, पोरं खालून जातील."