पहिली पाळी

नर्सिंगच्या यादीत रेणूचं नाव दोन गुणांनी हुकलं आणि तिचा बाप यादोराव सकाळपासून नुसता धुमसत होता. तलावाचं पाणी शेतात घ्यायला फावडं घेऊन तो पाटावर पोहोचला, तरी त्याचं तोंड थांबेना.

"गुरुजीच्या पोरीले भेटली सीट! घरी दोन-दोन पगार, दारात कार. अन् माही पोरगी गोठ्यातलं शेण काढून अभ्यासाले बसे. जात कायले पाहतेत रे? ज्याले गरज, त्याले द्या ना!"

यादोराव जातीने कोहळी; पाटाच्या कडेला बसलेला बकाराम त्या गुरुजींच्याच जातीचा. त्याच्या घरी ना पगार, ना कार. पाटाच्या अगदी शेवटी धानाची एक बांधी, शेताचा एवढासा तुकडा, तेवढी होती. हा आता भांडणार, असं यादोरावाला वाटलं. पण बकारामने मान डोलावली.

"बराबर बोलता जी. गरज पाहूनच द्याले पाहिजे."

यादोरावाला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं म्हणणं मानलं होतं.

"मंग आज पाणी पहिले माह्या बांधीत जाऊ द्या," बकाराम म्हणाला. "तुमच्या बांध्या भरून आहेत. माहा धान वाळून राहिला."

यादोरावाने फावडं खाडकन पाटात रोवलं.

"येडा झाला का? तलाव आमच्या बापजाद्याईनं बांधला. पहिली पाळी कोहळ्याईचीच. त्यात गरज कुठून आली?"