राहिलेलं शून्य

“तिकीट काढताना भाडं चुकलेलं आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?”

“छे हो,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. त्यांनी एकट्याने अकरा तिकिटं काढली होती. “आम्हाला वाटलं, कंपनीचा वाढदिवस वगैरे असेल.”

चौदा नंबरने त्यांच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं आणि पुढचा फोन लावला. विमान कंपनीच्या चौकशी कक्षात माणसांना नावाने कुणी हाक मारत नसे, खुर्चीच्या नंबराने मारत. चौदा नंबर ही चाळिशीतली बाई. गेली नऊ वर्षं ती त्याच खुर्चीवर बसून लोकांशी गोड बोलत होती. घरात पगार तिचा एकटीचाच येत होता.

मंगळवारी सकाळी भाडे विभागात कुणाच्या तरी हातून एक शून्य राहिलं. दुपारपर्यंत ते कुणालाच दिसलं नाही. तोवर शनिवारचं अख्खं विमान टॅक्सीच्या भाड्यात विकलं गेलं होतं. ही तिकिटं ग्राह्य धरायची की रद्द करायची, यावर साहेब आणि वकील बुधवारी रात्रीपर्यंत डोकं फोडत बसले. शेवटी वकिलांनी तोडगा काढला. ज्याला चूक कळली नव्हती, त्याचं तिकीट कायम. ज्याने कळून सवरून फायदा घेतला, त्याचं रद्द. आणि कळलं होतं की नाही, हे ज्याचं त्यालाच विचारायचं. असला तोडगा सुचायला माणूस फार शिकलेलाच लागतो.

साहेबांनी जाता जाता कक्षालाही दम भरला होता. “आपल्यापैकी कुणाच्या कानावर हे आधी आलं होतं आणि त्याने वर कळवलं नाही, असं निघालं तर तो माणूस त्याच दिवशी घरी बसेल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. चौदा नंबरनेही डोलावली. तिच्या कानावर काही आल्याचं तिला आठवत नव्हतं.

गुरुवारी दुपारपर्यंत तिने त्र्याहत्तर जणांना प्रश्न विचारला आणि त्र्याहत्तर वेळा ‘नाही’ लिहिलं. एवढे भोळे लोक एका विमानात कसे जमले, याचं तिला मनातून हसू येत होतं.

चौऱ्याहत्तरावा फोन एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. तिने प्रश्न विचारला.

“हो,” तो म्हणाला. “आलं होतं लक्षात.”

“काका, घाई नाही. मी प्रश्न पुन्हा वाचते.” तिने तो एकेक शब्द सुटा करून वाचला. फोन रेकॉर्ड होत होता, त्यामुळे याहून जास्त मदत तिला करता येत नव्हती.

“प्रश्न कळला मला. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत. राहिलेलं शून्य मला दिसणार नाही, असं कसं होईल?”

“शनिवारी जाणं गरजेचं आहे का?”

“थोरली बहीण आहे. आमची आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. डॉक्टर म्हणतात, रविवारपर्यंत शुद्धीवर राहील. गाडीने तीन दिवस लागतात.”

“मग चूक दिसली, तेव्हा कुणाला सांगावंसं नाही वाटलं?”

“आता ते जाऊ द्या,” तो म्हणाला. “तुम्ही ‘हो’ लिहा.” आणि त्याने फोन ठेवला.

तिला त्याचा राग आला. एक शब्द खोटा बोलला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तिने ‘हो’ लिहिलं. तिकीट रद्द करण्याआधी त्या नंबरवरून पूर्वी आलेले फोन तपासायचे असतात, तेवढा एक सोपस्कार राहिला होता. यादीत एकच फोन निघाला. मंगळवार, सकाळी आठ वाजून वीस मिनिटं. शून्य राहून तेव्हा जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं. फोन घेणारा: चौदा.

तिने तो लावून ऐकला.

“बाई, शनिवारच्या भाड्यात तुमचं एक शून्य राहिलेलं दिसतंय. बघून घ्या. उगाच कुणा बिचाऱ्याची नोकरी जाईल.”

“स्क्रीनवर दिसतंय तेच भाडं, सर. आणखी काही मदत करू शकते?” हा तिचाच आवाज होता. गोड, घाईतला. हे वाक्य ती दिवसातून शंभरदा म्हणायची, समोरचा काय म्हणतोय ते न ऐकता.

“नक्की ना? मग काढू तिकीट?”

“जरूर काढा, सर. धन्यवाद.”

तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिचा मोबाइल पर्समध्ये होता. त्यावरून बोललेलं कुणालाही ऐकू गेलं नसतं. तिने पर्सकडे हात नेला, मग मागे घेतला आणि कक्षातलाच फोन फिरवला.

“हा फोन रेकॉर्ड होतो आहे,” ती नियमाप्रमाणे म्हणाली. “मंगळवारी तुम्ही चूक कळवली होतीत. फोन मी घेतला होता. मी लक्ष दिलं नाही आणि वरही कळवलं नाही. तुम्ही आम्हाला विचारून तिकीट काढलंत, तसं मी आता लिहून देते आहे. ते रद्द होणार नाही.”

तिने त्याच्या नावापुढच्या ‘हो’खाली तसं लिहिलं.

“पण काका, मघाशी एवढं विचारलं, तेव्हा तुम्ही हे सांगितलं का नाहीत?”

“सांगणारच होतो, बाई,” म्हातारा म्हणाला. “पण तुम्ही बोलायला लागलात, आणि मी आवाज ओळखला.”