मंगळाकडून आलेली टिकटिक

“बुवा, अर्धा तास भोंगा बंद ठेवता का? मंगळाकडे निघालेलं यान आयकाले साहेब लोकं आले हायेत.”

रूपराव देवळाच्या पायरीवर उभा होता, चप्पल घालूनच. शहाण्णव सालच्या मार्गशीर्षात सिंदी मेघेच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला, त्याला पाच दिवस झाले होते. देवळाला लागून घर असून रूपरावाच्या कानी एक अभंग पडला नव्हता. कान मोकळे कुठे होते? थोर थोर शास्त्रज्ञ जो आवाज ऐकायला अख्ख्या वावराएवढी तबकडी उभी करतात, तो या गृहस्थानं गच्चीत बांबूला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्यांनी पकडला होता. टिक, टिक, टिक. लाखो मैलांवरून, नेमका त्याच्याच घरी! आज कॉलेजचे प्राचार्य आणि पेपरचा वार्ताहर खात्री करायला आले होते. वार्ताहरानं तर बातमीचा मथळा रिक्षातच लिहून टाकला होता.

कीर्तनकार पुंडलिकबुवा हसले. “करा रे मशीन बंद. देवाले भोंगा लागत नाई, रूपरावजी. यानाले शांतता लागत असंन.”

रूपराव धावत घराच्या गच्चीवर आला. हेडफोन काढून स्पीकर जोडला, रेडिओचं बटण फिरवलं. खरखर. काड्या पूर्वेकडे वळवल्या, मग पश्चिमेकडे. खरखर. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. वार्ताहरानं विज्ञानाच्या प्रेमापोटी तिसरा कप चहा घेतला.

रूपरावाची बायको भागीरथा कप उचलता उचलता त्याच्या कानाशी वाकली. “भोंग्याची मशीन चालू कराले सांगू का?”

“काऊन?”

“काल बुवा उशिरा आले, तं तुमचं यानबी उशिराच बोललं. मशीन चालू झाली का टिकटिक येते पाहा. या साहेबाइले काय समजते!”

टिकटिक भोंग्याच्या मशीनचीच होती तर! नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. उद्या पेपरात फोटो. खाली बुवा भोंग्याविना गात होते. आवाज बारीक होता, पण पाच दिवसांत पहिल्यांदाच शब्द न् शब्द कानात येत होता.

त्यानं रेडिओ बंद केला.

“उठा सर,” तो म्हणाला. “यान मारुतीच्या देवळात उतरलं. कीर्तन अजून अर्धं बाकी हाय.”